कॅरॅव्हॅनमधला गॅस गिझर : धूर जातो कुठे?

कॅरॅव्हॅन नवी घेतलेली असो, जुनी असो की आठवडाभरासाठी भाड्याने आणलेली, पहिल्या दिवशी चौकशी होते ती गरम पाण्याची. बटण कुठलं, किती वेळात तापतं, दोघांच्या आंघोळी होतील का. गिझरची ज्योत हवा कुठून घेते आणि धूर कुठे सोडते, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पहिल्याच सहलीत गिझर तीनदा पेटवायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा लाल दिवा लागला, आणि मी यंत्रालाच शिव्या घातल्या. बाहेर जाऊन पाहिलं तर धुराड्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण जिथल्या तिथे होतं. गिझर शहाणा निघाला आणि बंद पडला. पण प्रत्येक उपकरण तेवढं शहाणं नसतं.

म्हणून या लेखात बटणाच्या आधी धुराडं.

थोडं रसायन

सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, ब्युटेन असतो किंवा दोन्हींचं मिश्रण. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला साधारण २४ लिटर हवा लागते, ब्युटेनला ३१. एवढी हवा मिळाली की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली, बर्नर कचऱ्याने तुंबला, ज्योत थंड पत्र्याला चाटू लागली किंवा बाहेर पडलेला धूरच पुन्हा ज्योतीकडे ओढला गेला, की जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. यापुढे त्याला नुसतं सीओ म्हणू.

सीओला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. ‘गॅसचा वास आला असता की!’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. ज्योतीत तो वास गॅसबरोबरच जळून जातो. सीओ रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असतानाही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो.

आता कॅरॅव्हॅनचा आकार लक्षात घ्या. मध्यम आकाराच्या कॅरॅव्हॅनमध्ये धरून चालू की २० घनमीटर हवा मावते, म्हणजे २०,००० लिटर. त्यात सहा लिटर सीओ मिसळला की प्रमाण ३०० पीपीएम होतं, म्हणजे दहा लाख भागांत ३०० भाग. सहा लिटर म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. घरच्या दिवाणखान्यात जी चूक डोकेदुखीवर निभावते, ती इथे जिवावर बेतू शकते.

पहिली पायरी : आपला गिझर कुठल्या जातीचा

हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. माहितीपुस्तिका नसेल तर उपकरणावरची पाटी वाचा, मॉडेलचा क्रमांक उतरवून घ्या आणि निर्मात्याची पुस्तिका मिळवा.

गेल्या काही दशकांतल्या कॅरॅव्हॅनमध्ये बहुधा बंद ज्वलनकक्षाचा गिझर असतो. तो जळण्यासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. आतल्या हवेशी त्याच्या ज्योतीचा संबंध येत नाही. भिंतीवर बाहेरून एक जाळीदार पाटी दिसते. काही प्रकारांत हवा येण्याचा आणि धूर जाण्याचा मार्ग त्या एकाच पाटीतून असतो. युरोपीय कॅरॅव्हॅनमध्ये ट्रुमा किंवा अल्डे ही नावं वारंवार भेटतील. पाण्याची टाकी लहान, दहा लिटरच्या आसपास. अमेरिकी बनावटीत सबर्बन किंवा ॲटवुड अशी नावं आणि सहा गॅलनची, म्हणजे २२-२३ लिटरची टाकी सर्रास दिसते. तिचा बर्नर बाहेरच्या भिंतीतल्या जाळीच्या दारामागे असतो.

दुसरी जात जुनी : सिंकवर किंवा न्हाणीघरात लावलेला झटपट गिझर. नळ सोडला की भक्कन पेटतो, ज्योत समोरून दिसते, आणि जळण्यासाठी हवा आतलीच खातो. काहींना छतातून धुराडं असतं, काहींना तेही नसतं. घरातल्या बंद न्हाणीघरात गॅस गिझरने गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, तो हाच धोका, फक्त खोली आणखी लहान. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये असा गिझर निघाला तर माझं मत स्पष्ट आहे : गॅसच्या अधिकृत तंत्रज्ञाने तपासेपर्यंत तो पेटवू नका, आणि जमत असेल तर काढून बंद ज्वलनकक्षाचा बसवा. ‘इतकी वर्षं चालतोय, काही झालं नाही’ असं विकणारा हमखास सांगेल. तो बहुधा उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या ठेवून वापरत असतो.

पाटीवर गॅसचा दाबही लिहिलेला असतो. आजच्या युरोपीय बनावटीत तो ३० मिलिबार असतो. जुन्या उपकरणांत वेगळा असू शकतो. रेग्युलेटरवरचा आकडा आणि उपकरणावरचा आकडा जुळलाच पाहिजे. दाब चुकला की ज्योत बिघडते, आणि बिघडलेली ज्योत म्हणजे पुन्हा सीओ.

दुसरी पायरी : बाहेरून एक फेरी

प्रत्येक मुक्कामी, गिझर चालू करण्याआधी, कॅरॅव्हॅनभोवती एक चक्कर मारायची. दोन मिनिटांचं काम.

धुराड्याच्या पाटीवरचं झाकण काढलेलं आहे ना? ते प्रवासासाठी आणि साठवणुकीसाठी असतं. जाळीत गवत, चिखल, घरटं, जाळं नाही ना? कोळी आणि गांधीलमाश्यांना अशा निवांत नळ्या फार आवडतात. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या कॅरॅव्हॅनच्या बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं सापडणं ही रोजचीच गोष्ट आहे, आणि तेवढ्यानेही हवा-गॅसचं प्रमाण बिघडतं. जाळीच्या वर भिंतीवर काळा पट्टा दिसतो का? दिसला तर पुसू नका, आधी फोटो काढा. ती काजळी आहे, आणि काजळी म्हणजे जळण अर्धवट झाल्याची लेखी कबुली. असा गिझर तपासणीशिवाय वापरायचा नाही.

मग वर पाहा. धुराड्याच्या वर किंवा अगदी शेजारी उघडणारी खिडकी आहे का? असेल तर गिझर चालू असताना ती बंदच हवी. काही कॅरॅव्हॅनमध्ये अशा खिडकीला एक कळ बसवलेली असते. खिडकी उघडली की गिझर आपोआप बंद होतो. ही कळ ‘उगाच गिझर बंद पाडते’ म्हणून तिला चिकटपट्टी लावून ठेवणारे लोक असतात. वापरलेली कॅरॅव्हॅन घेतली असेल तर ती पट्टी शोधा.

शेजारी काय आहे तेही पाहा. धुराड्याची बाजू भिंतीला, दाट कुंपणाला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून उभी करू नका. शेजाऱ्याचा जनरेटर तुमच्या खिडकीकडे तोंड करून असेल तर गोडीत सांगून हलवायला लावा. पेट्रोलचा जनरेटर गिझरपेक्षा कितीतरी जास्त सीओ ओकतो. धुराडं छतावर असेल तर बर्फ पडल्यावर ते उकरून मोकळं करणं हे सकाळचं पहिलं काम.

ऑनिंग : इथे थांबून वाचा

कॅरॅव्हॅनला जोडायचा तंबू, म्हणजे ऑनिंग, आला की वरचं सगळं गणित बदलतं. गिझर उत्तम आहे, धुराडं स्वच्छ आहे, धूर नेमका बाहेर जातोय; पण ते ‘बाहेर’ म्हणजे आता चारी बाजूंनी कापडाने बंद केलेली खोली आहे. धूर तिथे साठतो, दारातून आत येतो, आणि धुराड्याशेजारून हवा घेणारा गिझर तोच धूर पुन्हा ओढू लागतो. हवा बिघडते, जळण बिघडतं, सीओ वाढतो, हवा आणखी बिघडते.

म्हणून ऑनिंग घेण्याआधी धुराडं कुठल्या बाजूला आहे ते पाहा. गिझरचं, हीटरचं आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं अशी तीन वेगळी धुराडी असू शकतात. फ्रिजचं हमखास विसरलं जातं. एखादं धुराडं ऑनिंगच्या आत येत असेल तर ऑनिंग बंद असताना ते उपकरण गॅसवर चालवायचं नाही. बहुतेक गिझरमध्ये विजेची कांडी असते. मुक्कामी वीजजोडणी असेल तर पाणी विजेवर तापवा. वीज नसेल तर ऑनिंगच्या कडा पूर्ण उघडून, आत कोणी नसताना पाणी तापवून घ्या, आणि निजण्याआधी गिझर बंद करा. पुस्तिकेत याहून कडक सूचना असेल तर ती पाळा.

आणि कोळशाची शेगडी. कॅरॅव्हॅनमध्ये किंवा ऑनिंगमध्ये ती कधीच, कुठल्याही कारणाने आणायची नाही. स्वयंपाक झाला, निखारे राखेखाली गेले, ऊब छान आहे, पाऊस सुरू झालाय, म्हणून ती आत घेतली जाते. विझल्यासारखे दिसणारे निखारे तासन्‌तास सीओ सोडत राहतात, आणि धूर दिसत नसल्यामुळे कोणाला शंका येत नाही. एकवेळ वापरून टाकायच्या पत्र्याच्या शेगडीलाही हाच नियम.

गॅसची शेगडी ऊब आणायला पेटवणं हाही तसलाच प्रकार. तिला धुराडं नसतं. ती थोडा वेळ, खिडकी किंवा छतातली खिडकी उघडी ठेवून, जेवण शिजवण्यासाठी असते.

तिसरी पायरी : भोकं बुजवू नका

कॅरॅव्हॅनच्या जमिनीत आणि वरच्या बाजूला कायमची उघडी भोकं असतात. नवख्याला ती बनावटीतली चूक वाटते. थंडीत गार झुळूक लागली की कोणी तिथे चिंधी कोंबतं, कोणी गालिचा सरकवतं. दोन्ही प्रकारच्या भोकांचं काम वेगळं आहे. सिलिंडरचा न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो (प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट), तो गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खालच्या भोकांतून निघून जातो. वरच्या भोकांतून श्वासाची आणि स्वयंपाकाची दमट, गरम हवा बाहेर जाते आणि ताजी आत येत राहते. थंडी वाजत असेल तर पांघरूण वाढवा. पलंगाखालच्या कप्प्यांत सामान भरतानाही पाहा की भोकावर पिशवी बसत नाही आणि गिझरच्या धुराच्या नळीवर काही आदळत नाही. अपघातानंतर किंवा दुरुस्तीनंतर त्या नळीचे जोड तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. सुटलेला जोड म्हणजे बंद ज्वलनकक्षाचा गिझर एका क्षणात उघडा.

चौथी पायरी : अलार्म, आणि तो कुठे लावायचा

सीओ अलार्म नसेल तर हा लेख वाचणं थांबवून तो आधी मागवा. घेताना वेष्टनावर ईएन ५०२९१-२ हे मानक आहे का पाहा. ५०२९१-१ घरासाठी आहे. शेवटचा २ आकडा कॅरॅव्हॅनसारख्या हलत्या, हादरणाऱ्या जागांसाठीच्या चाचण्यांचा. उत्तर अमेरिकेत यूएल २०३४ हे मानक चालतं, तिथेही कॅरॅव्हॅनसाठी योग्य असल्याची नोंद पाहावी.

या अलार्मबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तो सीओ दिसल्या क्षणी वाजत नाही. युरोपीय मानकानुसार ५० पीपीएमला तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. ३० पीपीएमला तर पहिले दोन तास त्याने वाजायचंच नाही. शरीरात विष किती वेळात साचतं त्या हिशेबाने हे ठरवलेलं आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की अलार्म गप्प आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये, आणि अलार्म वाजला तर ‘खोटा वाजला असेल’ म्हणून बॅटरी काढू नये. आकडा दाखवणारा अलार्म मिळाला तर तोच घ्या. हळूहळू चढणारं प्रमाण त्यात आधी दिसतं.

जागा : झोपण्याच्या भागाजवळ, झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीच्या आसपास, गॅसच्या उपकरणापासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. कपाटात नको, पडद्यामागे नको, खिडकीच्या झुळुकीत नको, शेगडीच्या वाफेत नको. सीओ हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ सारख्याच वजनाचा असतो. तो खाली साचत नाही, गरम धुराबरोबर वर जाऊन सगळीकडे मिसळतो. सिलिंडरच्या गॅसची गळती सांगणारा अलार्म मात्र जमिनीजवळच लावावा लागतो. ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. धुराचा अलार्म तिसरा.

चाचणीचं बटण दर मुक्कामी दाबा. पण ते बटण बॅटरी आणि भोंगा तपासतं. आतला संवेदक म्हातारा झालाय का ते सांगत नाही. त्यासाठी मागच्या बाजूची बदलण्याची तारीख वाचावी लागते.

पाचवी पायरी : पेटवणं

आधी टाकी पाण्याने भरा. गरम पाण्याचा नळ उघडून पाण्याची धार सलग, बुडबुड्याविना येईपर्यंत पंप चालू ठेवा. कोरडी टाकी तापवली तर गिझर खराब होतो. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, जोडांवर गळतीचा फवारा किंवा साबणाचं पाणी मारा आणि बुडबुडे येतात का पाहा; नंतर ते पुसून घ्या. काडी पेटवून गळती शोधण्याचा विचारही नको. रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा, वाकवून चिरा दिसतात का पाहा.

आता बटण. पहिल्या वेळी नळीत हवा असल्याने गिझर एकदा नकार देईल, ते चालतं. दोन-तीनदा लाल दिवा आला तर थांबा. न जळलेला गॅस विरायला काही मिनिटं द्या, बाहेर जाऊन झाकण आणि जाळी पुन्हा पाहा, सिलिंडर रिकामा तर नाही ते पाहा. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा सिलिंडर भरलेला असूनही गॅस देत नाही, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू होणं थांबवतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत तग धरतो. पेटताना ‘भप्प’ असा मोठा आवाज आला तर गिझर बंद करा आणि धुराडं तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका. त्या झटक्याने धुराची नळी जागची हललेली असू शकते.

ज्योत दिसत असेल तर ती निळी, स्थिर आणि आवाज एकसारखा हवा. पिवळी, लवलवती, वर काजळी धरणारी ज्योत दिसली की बंद. पाणी ६० अंशांच्या वर तापवता येतं. एवढं गरम पाणी काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांना नळाशी एकटं सोडू नका. फार कोमट ठेवणंही बरं नाही, कारण लिजिओनेला जातीचे जीवाणू २० ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतात. बरेच दिवस उभं राहिलेलं पाणी काढून टाका, टाकी नव्याने भरा आणि एकदा पूर्ण तापवा.

गाडी चालवताना आणि इंधन भरताना गिझर बंद, सिलिंडरही बंद.

काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर

डोकं जड, मळमळ, गरगरणं, अंग गळून जाणं. ताप नसलेला फ्लू असावा तसं. खूण अशी की एकाच वेळी दोघा-तिघांना होतं, बाहेर फिरून आल्यावर बरं वाटतं आणि आत बसल्यावर पुन्हा सुरू होतं. मुलं आणि पाळीव प्राणी आधी सुस्तावतात. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला विशेष धोका असतो. पुढचा टप्पा गोंधळण्याचा; तिथे पोचलेल्या माणसाला दार उघडायचं हेही सुचत नाही. म्हणून ठरवून ठेवा : शंका आली की चर्चा नाही.

सगळ्यांना उठवा, दार उघडं टाकून बाहेर पडा. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात असेल तर तिथून व्हॉल्व्ह बंद करा. माणसं मोजा. खिडक्या बाहेरून उघडता येत असतील तर उघडा. तातडीच्या मदतीला फोन करा आणि ‘कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे’ हे शब्द उच्चारा. जॅकेट आणायला, पाकीट आणायला परत आत जायचं नाही.

बरं वाटू लागलं तरी डॉक्टरांकडे जा, आणि तिथेही स्वतःहून सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर सीओ चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यांत फरक करू शकत नाही. ते ९८ दाखवेल आणि तुम्हाला घरी पाठवलं जाईल. खरा आकडा रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतो. ताज्या हवेत शरीरातला सीओ निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वा तास. उशीर झाला तर तपासणीत काही सापडत नाही, म्हणून बाहेर कधी पडलात ती वेळ लिहून ठेवा.

वाजलेला अलार्म सिलिंडरच्या गॅसच्या गळतीचा असेल तर वागणं वेगळं : दिव्याचं बटण दाबू नका, बंदही करू नका, पंखा नको, फोन बाहेर लांब जाऊन.

मुक्काम हलवताना

गिझर बंद करा, सिलिंडर बंद करा. थंडीत कॅरॅव्हॅन उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि नळ उघडे ठेवा. गोठलेलं पाणी टाकी फोडतं. वर्षातून एकदा सगळी गॅसजोडणी पात्र तंत्रज्ञाकडून तपासून घ्या आणि धुराचं मोजमाप करून मागा, नुसतं ‘बघितलं, ठीक आहे’ यावर समाधान मानू नका.

शेवटी धुराड्याचं झाकण लावा. आमच्याकडे त्या झाकणाला लाल दोरी बांधलेली आहे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक पत्र्याचा बिल्ला. झाकण निघालं की बिल्ला आत येतो आणि गिझरच्या बटणाशेजारच्या खिळ्यावर लटकतो. खिळा रिकामा असेल तर बटणाला हात लावायचा नाही.